समासातल्या पेन्सिलीच्या खुणांसाठी

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या हातात आणून देता आलं असतं. पण माझ्या लेखाच्या समासात तुम्ही पेन्सिलीने लिहिलेले प्रश्न आणखी कितीतरी जणांच्या उपयोगी पडतील असे आहेत, म्हणून चारचौघांत आभार मानते आहे.

विज्ञानपटांतल्या आदिबंधांवरचा, म्हणजे जुन्या कथांतून पुन्हा पुन्हा येणाऱ्या मूळ साच्यांवरचा, तो लेख तुमच्याकडे दिला, तेव्हा माझ्या मते तो पूर्ण झाला होता. मिथकांचे अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांनी १९४९ साली मांडलेली नायकाच्या प्रवासाची चौकट घ्यायची आणि एकेक चित्रपट तिच्यात बसवायचा. घर सोडणं, कसोटी, परतणं. ‘स्टार वॉर्स’ (१९७७) करताना जॉर्ज लुकस यांनीच तिचा आधार घेतलेला, त्यामुळे मला शंकाही आली नाही. तुम्ही पहिल्याच पानावर लिहिलंत, ‘साम्य दिसलं. फरक कुठे आहे?’

तो प्रश्न मला कळला ‘ब्लेड रनर’पाशी (१९८२). रॉय बॅटी हा बनवलेला माणूस, आयुष्य अवघं ४ वर्षांचं. शेवटी तो स्वतःच्या तळहातात खिळा खुपसतो, त्याच्या हाती कबुतर असतं, आणि जो त्याला मारायला आलेला त्यालाच तो वाचवतो. ‘ख्रिस्ताचं प्रतीक’ एवढं लिहून मी पुढे गेले होते. शेजारी तुमचे शब्द : ‘ख्रिस्त पित्याचा जीव घेतो का?’ वाढीव आयुष्य मिळत नाही म्हटल्यावर रॉयने आपल्या निर्मात्याला स्वतःच्या हातांनी मारलेलं असतं! त्या रात्री चित्रपट पुन्हा पाहिला. जीव वाचवणारे हात तेच आहेत, हे तोवर मला दिसलंच नव्हतं.

सगळ्यात मोठं ऋण ‘इंटरस्टेलर’चं (२०१४). तिथल्या जलमय ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची ७ वर्षं. माझा भर होता तो मोहिमेच्या ‘लॅझरस’ या नावावर, बायबलमधल्या मरून पुन्हा उठलेल्या माणसाच्या. तुम्ही भागवतातल्या ककुद्मी राजाची आठवण करून दिलीत. लेक रेवतीसाठी वर कोण, हे विचारायला तो ब्रह्मदेवाकडे जातो, गायन चाललेलं म्हणून क्षणभर थांबतो, आणि तेवढ्यात खाली २७ चतुर्युगं उलटून जातात. मी हरखून म्हणाले, ‘अगदी तेच!’

‘ककुद्मीने लेकीला बरोबर नेलं होतं,’ एवढंच तुम्ही म्हणालात.

बाई, त्यानंतर मला तो चित्रपट पहिल्यासारखा पाहताच आलेला नाही. त्यातला अंतराळवीर कूपर मुलीला, मर्फला, मागे ठेवून जातो. यानात परततो तेव्हा २३ वर्षं सरलेली असतात, साठलेल्या निरोपांमधून मुलं त्याच्या डोळ्यांदेखत मोठी होतात. शेवटी मर्फ भेटते ती बापाहून म्हातारी, मृत्युशय्येवर. पुराणात राज्य, सोयरे, सारं काळाने नेलं तरी लेक हाताशी उरते. इथे माणसं तगतात आणि लेकीचं अख्खं आयुष्य हातातून निसटतं. काळाचा खेळ तोच, दुःख मात्र नेमकं उलटं.

तो लेख मी नव्याने लिहिला आहे, चौकट काढून. ‘मॅट्रिक्स’वरचं (१९९९) पान तुम्ही अजून पाहिलेलं नाही. रोमन कवी ओव्हिडच्या काव्यातला स्वप्नदेव मॉर्फियस झोपलेल्यांच्या स्वप्नात माणसाचं रूप घेऊन येतो. चित्रपटातला मॉर्फियस माणसांना झोपेतून उठवतो. हा फरक मी एकटीने शोधला, बाई. पान सोबत जोडलं आहे, आणि समास रुंद सोडला आहे.

तुमची विद्यार्थिनी