जिनिव्हाला लिहिण्याआधी

चि. मृणाल हिस अनेक आशीर्वाद.

वीटभट्टीवरच्या मजुरांचा अर्ज थेट जिनिव्हाला, संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाकडे, पाठवायचा म्हणतेस. पाठव, पण तिथून काय मिळतं ते आधी समजून घे.

नागरी व राजकीय हक्कांचा करार भारतानं १९७९ मध्ये मान्य केला. एकट्यादुकट्या माणसाला त्या कराराच्या समितीकडे तक्रार नेऊ देणारा जोडकरार मात्र स्वीकारला नाही. ते दार बंद. उघडे आहेत ते तिथल्या मानवाधिकार परिषदेनं नेमलेले विशेष प्रतिवेदक, म्हणजे एकेका विषयावर लक्ष ठेवणारे स्वतंत्र तज्ज्ञ. गुलामीच्या आजच्या प्रकारांसाठी त्यांच्यात वेगळा माणूस आहे. ते सरकारला पत्र लिहितात, उत्तराला साधारण ६० दिवस देतात, पुढे पत्र अन् उत्तर जाहीर करतात. भट्टीवरून मजूर सोडवून आणत नाहीत.

सोडवायचा अधिकार कलेक्टरला, १९७६ च्या वेठबिगारी कायद्यानं. त्याला द्यायच्या अर्जात नुसतं 'मजुरी थकली' लिहिलंस तर अर्ज कामगार कार्यालयाकडे सरकेल अन् तिथंच मुरेल. उचल किती, कोणत्या महिन्यात, मुकादमाचं नाव काय, हजार विटांमागे दर काय ठरला, हातात काय पडलं, बाजाराला जाऊ देतात का, दुसरीकडे कामाला जाऊ देतात का, हे सगळं लिही. उचल अन् अडवणूक एकमेकींना बांधलेल्या दिसायला हव्यात. पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून उठू नकोस.

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगात ती पोचच कामी येते. भट्टीमालक सरकारी नोकर नाही, म्हणून नुसती त्याच्याविरुद्धची तक्रार तिथं टिकत नाही. कोणत्या अधिकाऱ्याला कोणत्या तारखेला कळवलं अन् त्यानं काय केलं नाही, ही खरी तक्रार. फी नाही, मराठी चालते, पण घटनेपासून १ वर्षाच्या आत. कलेक्टरच्या अर्जाची झेरॉक्स पाठवायची नाही (बहुतेक जण तेच करतात, बाप्पा!), आयोगाच्या नावानं वेगळा अर्ज, त्यावर सही.

जिनिव्हाचा मजकूर इंग्रजीत कर. नुसती पेपरातली कात्रणं चालत नाहीत, राजकीय भाषण तर नाहीच. अंगठा घेण्याआधी मजुराला नीट सांग: त्याचं नाव सरकारला कळू शकतं, झाकायचं असेल तर तसं अर्जातच लिहावं लागतं. घरच्यांची संमती निराळी, त्याची निराळी.

जबाब मात्र आत्ताच घे. मृग तोंडावर आला की भट्ट्या बंद होतात, मजूर पांगतात.

तुझी आई