सत्कार आवरा, भजन होऊ द्या

संपादक महोदय,
तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला. आमच्याकडचं खंजिरी भजन त्याच मुशीतलं. गाणारे सगळे शेतकरी-मजूर. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बायाही सायंप्रार्थनेला हजर. पेटी वर्गणीतून घेतलेली, तिचा एक सूर कायमचा बसलेला. कुणाचं अडत नाही. पावसाळ्यात खंजिरीचं कातडं सादळतं, मग ती आधी चुलीजवळ शेकायची. पण हल्ली गावातल्या कार्यक्रमात पाहुण्यांचे हारतुरे तासभर चालतात आणि भजनाच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटं येतात! जुन्या चाली येणारे आता मोजकेच म्हातारे उरलेत. आयोजकांनी येत्या पुण्यतिथीला त्यांना आधी बसवावं, शेजारी शाळकरी पोरं. सत्कार नंतर, वेळ उरला तर.

– एक भजनी, ता. तिवसा, जि. अमरावती