आर्वी तालुक्यातल्या एका आशाताईंना अनावृत पत्र

प्रिय ताई,

प्रबंधात आभाराला एकच पान मिळतं. तुमचे आभार त्यात मावले नाहीत, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

जीएनएम ही नर्सिंगची पदविका, मग पोस्ट बेसिक ही पदवी, मग एम.एस्सी. अशी मी शिकत गेले आणि नर्सिंग कॉलेजात शिकवायला लागले. पण तोवर म्हातारं माणूस मला भेटलं होतं ते वॉर्डातल्या खाटेवर. घरच्या बाजेवरचं म्हातारपण तुम्ही दाखवलंत. पीएच.डी.चा विषयच खेड्यातल्या वृद्धांची घरची शुश्रूषा होता, आणि तुमच्यावाचून मला एकाही घरात ओट्याच्या पुढे कुणी नेलं नसतं.

पहिली अडचण वयाची. आधार कार्डावर बघावं तर जन्मतारीख अंदाजाने टाकलेली, १ जानेवारी. तुम्ही सरळ विचारायच्या, "गांधीबाबा गेले तवा तू केवढी होती, माय?" वर्धा जिल्ह्यात याचं उत्तर मिळतंच. कुणी कडेवर होती, कुणी ढोरामागं जात होती. १९४८ धरून आपण वयं लावली.

मग बार्थेल इंडेक्स. माणूस रोजची कामं स्वतःची स्वतः किती करू शकतो हे मोजणारा, १९६५ पासून वापरात असलेला तक्ता, दहा कामं, शंभर गुण. त्यातलं एक काम जिना चढणं. कवेलूच्या घरात जिना कुठला? ओट्याच्या पायऱ्या विचारा, असं तुम्ही सुचवलंत. गाईडशी बोलून तसंच केलं आणि प्रबंधात तसं नमूदही केलं.

पण सगळ्यात मोठं ऋण त्या पाण्याच्या गडव्याचं आहे. दिवाळीनंतरचे कापूस वेचणीचे दिवस होते. सून पहाटेच भाकरी टाकून वावरात गेलेली, आजी एकट्या. दिवसाला किती ग्लास पाणी पिता, असं मी विचारलं. "पेतो ना लय," त्या म्हणाल्या. मी आकडा लिहिणार तेवढ्यात तुम्ही उशाशी ठेवलेल्या गडव्यावरचं झाकण उचललंत. दुपार टळली होती, गडवा काठोकाठ भरलेला. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, "बुढी पानीच पेत नाही, मॅडम. संडासले नेणारं कोनी नाही घरी, तं पेऊन काय करन?"

म्हातारपणी तहान मुळातच कमी लागते. त्यात कुणाला बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असते, आणि वर पाणी असं मुद्दाम तोडलेलं. मग बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग, चक्कर, बरळणं. घरचे म्हणतात, वयच झालं आता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा हेच जिवावर बेततं. त्या दिवसापासून मी आधी संडासाचं विचारू लागले आणि मग पाण्याचं. माझ्या प्रबंधातलं सर्वांत कामाचं प्रकरण त्यातून उभं राहिलं. तुम्ही मात्र प्रकरणाची वाट पाहिली नाही. आजींच्या मुलाकडून जुन्या खुर्चीला भोक पाडून घेतलंत, खाली टोपलं ठेवलंत, आणि आजी पाणी पिऊ लागल्या.

हे कुठल्याही मोबदल्याच्या यादीत बसत नव्हतं, आणि याचं मला फार वाटतं. दवाखान्यात बाळंतपण झालं की बाळासाठी तुमच्या सहा घरभेटी ठरलेल्या असतात. ती पद्धत आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून उभी राहिली आणि देशभरच्या आशांपर्यंत पोचली. बाजेवरच्या आजीसाठीही अशाच ठरलेल्या आणि मोबदल्याच्या भेटी हव्यात. मी जिथे बोलायला उभी राहते तिथे हे मागते, आणि गडव्याची गोष्ट तुमची म्हणूनच सांगते.

आता एक विनंती. यंदाच्या बॅचला कम्युनिटी पोस्टिंगआधी, म्हणजे मुली गावात कामाला उतरण्याआधी, तुम्ही एक दिवस शिकवावं. पाहुण्या व्याख्यात्यांना जे मानधन मिळतं तेच तुम्हाला मिळेल, मंजुरी घेऊन ठेवली आहे. तारीख मात्र तुम्ही कळवा, वेचणीच्या आड न येणारी.

तुमची कृतज्ञ,
नर्सिंगच्या मॅडम