आतड्याचा कॅन्सर आणि ‘आयजीजी पॉझिटिव्ह’चा घोळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘साध्या विषाणूमुळे मोठ्या आतड्याचा कॅन्सर’ अशा अर्थाचा मजकूर मोबाइलवर फिरू लागला की सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूची रक्ततपासणी करून घ्यावी, असे अनेकांना वाटते. या कामासाठी ती तपासणी निरुपयोगी आहे. शिवाय तिच्यापायी जी करायला हवी ती तपासणी मागे पडते.

हा विषाणू कांजिण्यांच्या विषाणूच्या कुळातला. लहानपणी लाळेतून, आईच्या दुधातून शिरतो आणि जन्मभर शरीरात निपचित पडून राहतो. आपल्याकडे बहुतेक प्रौढांच्या रक्तात त्याची आयजीजी प्रतिपिंडे सापडतात. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे कधीतरी लागण होऊन गेली, एवढेच. त्यावरून आतड्याबद्दल काहीच कळत नाही.

संशोधकांची शंका मात्र हवेतली नाही. मोठ्या आतड्याच्या गाठींत या विषाणूच्या खुणा सापडल्याचा अभ्यास २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे काहींना त्या सापडल्या, काहींना नाहीत. जेसी नावाच्या दुसऱ्या विषाणूचे एक प्रथिन पेशींना आवर घालणाऱ्या ‘पी ५३’ या प्रथिनाला जखडून ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ मध्ये जेसी विषाणूला ‘२ बी’, म्हणजे ‘कर्करोगकारक असू शकेल’ या गटात टाकले. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये जवळपास प्रत्येक गाठीत एचपीव्ही हा विषाणू सापडतो आणि लस दिल्यावर कॅन्सर घटतो. आतड्याच्या बाबतीत असा पुरावा नाही. सुजलेल्या अस्तरात निपचित विषाणू आयताच जागा होतो. तेव्हा तो चोर की गर्दीतला बघ्या, हे ठरायचे आहे. (एचपीव्हीमुळे गुदद्वाराचा कॅन्सर होतो, हे खरे. पण तो आजार वेगळा. मजकुरात दोन्हींची सरमिसळ असते.)

एक अपवाद सांगायला हवा. अल्सरेटिव्ह कोलायटिसचा (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याच्या आजाराचा) रुग्ण स्टेरॉइडवर असूनही रक्ती जुलाब थांबत नसतील, तर आतड्याच्या तुकड्यात हा विषाणू शोधावाच लागतो. तिथे औषधाचा उपयोग होतो. एरवी रिपोर्ट पाहून विषाणूवरची गोळी मागू नये. ती पांढऱ्या पेशी घटवते.

आता खरी तपासणी. शौचावाटे रक्त गेले की ‘मोड आलेत’ म्हणून मलम लावत महिने काढले जातात. मूळव्याध असतेही, पण तिच्यामागे गाठ दडलेली असू शकते. आपल्या देशात मलाशयाच्या गाठींचे प्रमाण मोठे आहे आणि त्यातल्या बऱ्याच बोटाला लागतात. डॉक्टरांनी बोटाने तपासायला एक मिनिट पुरते. लाजेपोटी नकार देऊ नये. उजव्या बाजूच्या गाठीतले रक्त तर दिसतच नाही, नुसता अशक्तपणा येतो. पुरुषाचे किंवा पाळी थांबलेल्या बाईचे हिमोग्लोबिन लोह कमी पडून उतरले असेल, तर जंताच्या आणि लोहाच्या गोळ्यांवर थांबू नये.

त्रास नसलेल्यांनी पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर वर्षातून एकदा शौचाची ‘फिट’ तपासणी करावी; ती शौचातले न दिसणारे रक्त शोधते. सरकारी तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख येते, आतडे येत नाही; त्यामुळे ती स्वतःच मागावी लागते. भाकरी-मटणाचे पथ्य नाही. पाणी लागण्याआधी, कागदावर घेतलेल्या शौचात तपासणीच्या नळीतली काडी चार-पाच ठिकाणी टोचावी. काडीच्या खाचा भरतील एवढेच पुरे. एप्रिल-मेच्या उन्हात नळी गाडीत राहिली तर हिमोग्लोबिन मोडते आणि खोटे ‘निगेटिव्ह’ येते. म्हणून त्याच दिवशी लॅबमध्ये द्यावी. पॉझिटिव्ह आल्यावर पुन्हा तीच तपासणी करून बघण्याची मोठी खोड आहे. गाठीतून रोज रक्त येत नाही. पॉझिटिव्ह म्हणजे कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहणे. आणि डोळ्यांना रक्त दिसत असेल तर ‘फिट’ करूच नये, सरळ डॉक्टरांकडे जावे.

वडिलांना अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हा कॅन्सर झाला असेल, तर मुलांनी अडतिसाव्या वर्षीच कोलोनोस्कोपी करावी.

कोलोनोस्कोपी फसते ती तयारीत. लोहाच्या गोळ्या पाच ते सात दिवस आधी बंद. त्यांनी शौच काळे, चिकट होते. रक्त पातळ करणाऱ्या व मधुमेहाच्या गोळ्यांचे डॉक्टरांना विचारावे, मनाने थांबवू नयेत. दोन-तीन दिवस कारळ्याची, जवसाची, तिळाची चटणी, पेरू, पालेभाजी नको. बिया दुर्बिणीची नळी तुंबवतात. जोंधळ्याच्या भाकरीऐवजी मऊ भात आणि वरणाचे पाणी. बीट आणि लाल सरबत टाळावे, ते रक्तासारखे दिसते. पोट साफ करण्याच्या औषधाचे दोन लिटर पाणी असेल तर एक लिटर आदल्या संध्याकाळी आणि एक तपासणीच्या चार-सहा तास आधी, दर दहा-पंधरा मिनिटांनी पेलाभर. शेवटी गोमूत्रासारखे स्वच्छ पिवळे पाणी पडले पाहिजे. तपासणीआधीचे शेवटचे दोन तास पाणीही नाही.

कणकुंबी-जांबोटीकडून पहाटेच्या बसने येणारा माणूस वाटेत संडासाची अडचण नको म्हणून सगळे औषध रात्रीच संपवतो. सकाळपर्यंत आतड्याच्या उजव्या भागावर पित्ताचा थर बसतो आणि चपट्या गाठी त्याखाली झाकल्या जातात. त्यापेक्षा आदल्या रात्री बेळगावात पाहुण्यांकडे मुक्काम करावा आणि दुसरा लिटर पहाटे तिथेच प्यावा.

— पोटविकार व पॅथॉलॉजी क्षेत्रातील डॉक्टर, बेळगाव