अण्णांच्या तापाबद्दल सुमनला पत्र

वेंगुर्ले
श्रावण, पहिला आठवडा

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार. आम्ही सर्व खुशाल आहोत, माझी कंबर पावसाळ्यात असते तशी आहे आणि ह्यांचा दमा यंदा आटोक्यात आहे. आजचे पत्र अण्णांसाठी आहे. त्यांनी तुला फोनवर ‘साधा ताप होता, गेला’ एवढेच सांगितले असणार. ते खोटे नाही आणि आता ते खरोखरच बरे आहेत, म्हणून घाबरू नकोस. परंतु त्या वाक्यात जे राहून गेले ते तुलाच लिहिण्यासारखे आहे, कारण त्याचा संबंध तुमच्या माजघरातल्या फडताळातील बिस्किटांच्या डब्याशी आहे.

हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशननंतर अण्णा लावणीला मळ्यात उतरणार नाहीत असे त्यांनी तुला वचन दिले होते. यंदा ते उतरले. टाचांना भेगा, पायांत काही नाही, आणि मेरेवर उभे राहून माणसांना सांगायचे सोडून स्वतः गुडघाभर चिखलात. आशाताई लावणीच्या दिवसांत शेतात राबणाऱ्यांनी तापापासून बचाव म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची डॉक्सीसायक्लिनची गोळी घेऊन आल्या, तेव्हा ‘मी शेतात जातच नाही’ असे सांगून त्यांनी त्यांना परत पाठवले. मग ताप आला, डोके फुटू लागले, पोटऱ्या इतक्या ठणकू लागल्या की पायरी चढवेना. त्यांनी डबा उघडला. दर मे महिन्यात परत जाताना ‘अडीअडचणीला असू देत’ म्हणून तू उरलेल्या गोळ्या त्यात ठेवून जातेस, त्यात राजूच्या जुलाबांच्या वेळची ओफ्लॉक्सॅसिन आणि ऑर्निडाझोलची अर्धी पट्टी होती. राजू तिने बरा झाला होता, एवढेच अण्णांच्या ध्यानात होते. दोन दिवस त्यांनी त्या गोळ्या घेतल्या आणि शेजारच्या माईंनाही काही कळू दिले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचे लाल झालेले डोळे पाहून माईंनीच मला औषधांच्या दुकानात फोन केला.

डॉक्टरांनी शेताची आणि पोटऱ्यांची हकिगत ऐकताच लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसच्या तापाची, शंका घेतली आणि तपासणीत तेच निघाले. उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात, हे तुला ठाऊक आहे. लघवी कमी झाली, डोळे पिवळे झाले किंवा धाप लागली तर तो निराळाच आजार असल्यासारखा वागतो, माणसाला भरती करावे लागते आणि तिथे तास मोलाचे असतात. अण्णांचे दोन दिवस डब्यातल्या गोळ्यांवर गेले, ही माझी पहिली तक्रार. दुसरी अधिक मोठी आहे. ते रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घेतात आणि ऑर्निडाझोलने वॉरफरिनचा परिणाम वाढतो, म्हणजे रक्त जरुरीपेक्षा अधिक पातळ होते. त्यांचा आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा तपासणीतला आकडा, हवा त्याच्या पुष्कळ वर गेलेला निघाला. रक्तस्राव झाला नाही, डॉक्टरांनी मात्रा बदलून तो आता जागेवर आणला आहे, तरीही ती चिठ्ठी हातात घेताना माझे पाय लटपटत होते. ज्या गोळीने राजूला काहीही झाले नाही, ती अण्णांच्या पोटात पूर्णपणे निराळे औषध होती.

त्यांना डॉक्सीसायक्लिन शंभर मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस असे लिहून दिले. हे औषधही वॉरफरिनशी अगदी निःसंग नाही, म्हणून डॉक्टरांनी मध्येच पुन्हा रक्त तपासले. ते तपासू शकले, कारण मी त्यांच्यापुढे अण्णांच्या सर्व गोळ्यांची पिशवी ओतली होती, डब्यातली पट्टीसुद्धा. सुमन, कोणत्याही डॉक्टरापुढे अण्णांना नेशील तेव्हा ही पिशवी न विसरता ने. नुसते ‘बीपीची आणि रक्ताची गोळी चालू आहे’ असे सांगितल्याने कोणाला काही कळत नाही.

या कॅप्सूल कशा घ्यायच्या हे सांगायला मी रोज संध्याकाळी दुकान बंद करून तुमच्याकडे जात होते. पहिल्याच रात्री अण्णांनी अंथरुणावर पडल्यापडल्या, तोंड ओले होईल इतक्याच पाण्याबरोबर कॅप्सूल गिळली. डॉक्सीसायक्लिनची कॅप्सूल अन्ननलिकेत अडकून राहिली तर तिथे व्रण पडतो आणि मग काही दिवस घोट गिळतानाही छातीत आग होते. म्हणून ती बसून, पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवे व्हायचे नाही. रात्रीची मात्रा मी जेवणाबरोबर, झोपेच्या पुष्कळ आधी करून घेतली. पोटात जळजळले तर जेवणासोबत घेणेच बरे. मात्र तुझी आई गेल्यापासून त्यांना रात्री पेलाभर दूध लागते, ते मी तासा-दोन तासांनी पुढे सरकवले. त्यांच्या लोहाच्या गोळीचे आणि त्या पांढऱ्या आम्लपित्ताच्या पातळ औषधाचे तर दोन-तीन तास अंतर ठेवलेच पाहिजे, कारण लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम या औषधाला आतड्यातच बांधून ठेवतात आणि ते रक्तात पोहोचतच नाही. माणूस नेमाने गोळ्या घेतो, आणि गुण का येत नाही ते कोणालाच समजत नाही. या औषधाने कातडी उन्हाने लवकर भाजते, म्हणून उघडीप मिळताच माडाखाली जाऊन बसायलाही मी त्यांना मनाई केली होती, ती त्यांनी अर्थातच पाळली नाही. निदान छत्री तरी घेतली.

तीन-चार दिवसांत ताप उतरला आणि मग खरे भांडण सुरू झाले. ‘अगो बाय, माका बरा वाटता, आता गोळये कित्याक?’ असे म्हणून त्यांनी उरलेल्या कॅप्सूल मला दाखवून डब्यात ठेवल्या. मी त्या डब्यातून काढून देव्हाऱ्याजवळ ठेवल्या, कारण तेवढी एकच जागा त्यांच्या हातून चुकत नाही. ताप उतरणे म्हणजे शरीरातले जंतू संपले असे नव्हे. कोणत्या आजाराला किती दिवसांचा कोर्स पुरतो याबद्दल तज्ज्ञांमध्ये अलीकडे चर्चा आहे, काही आजारांत पूर्वीपेक्षा कमी दिवस पुरे होतात हेही खरे आहे, परंतु तो निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांचा असतो. आपल्याला बरे वाटते या जोरावर तो घेता येत नाही. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ मध्येच नोबेल व्याख्यानात सांगून ठेवले होते की घरच्या घरी अपुऱ्या मात्रेत पेनिसिलिन घेणारा माणूस जंतूंना त्याची सवय करून देईल. एका सकाळी अण्णा गोळी विसरले आणि रात्री दोन एकदम घेतो म्हणाले. तसे करायचे नाही. आठवेल तेव्हा ती घ्यावी, पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी आणि पुढची तिच्या वेळेला घ्यावी.

तू म्हणशील, मंदा जुन्या गणपतीचा राग काढते आहे. राजूला सर्दी-खोकला होता, तू दुकानात येऊन सेफिक्झिम हे प्रतिजैविक मागितलेस, मी चिठ्ठीशिवाय दिले नाही आणि तू विसर्जनापर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. मी तेव्हाही बरोबर होते असेच मला वाटते. १ मार्च २०१४ पासून सेफिक्झिम चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या एच-वन यादीत आहे, त्याची डॉक्टरांच्या आणि रुग्णाच्या नावानिशी वहीत नोंद करून ती तीन वर्षे ठेवावी लागते. परंतु मी वहीच्या भीतीने नाही म्हटले नव्हते. सर्दी विषाणूची होती, प्रतिजैविकाने ती एका तासानेही लवकर गेली नसती. तुझ्या माझ्यावरच्या मायेचा मला संशय कधीच नव्हता, आणि डबाही तू मायेनेच भरतेस. म्हणूनच हे मी लिहिते आहे, दुसऱ्या कोणाला मी सरळ रागावले असते.

डबा मी रिकामा केला. विचारून केला, अण्णा समोर बसले होते. त्यात निम्म्या पट्ट्यांच्या मुदतीची तारीख कापलेल्या भागाबरोबर गेली होती, आणि पाण्यात कालवलेल्या अमॉक्सिसिलिनच्या सायरपची एक बाटली होती, जी फ्रिजमध्ये ठेवूनही साधारण आठवडाभरच चालते. ज्या पट्ट्यांवर चिठ्ठीनेच घ्यायच्या औषधांची उभी लाल रेघ होती त्या सर्व मी बाजूला काढून दुकानात आणल्या आहेत, मुदत संपलेल्या औषधांबरोबर जातील. परसात किंवा विहिरीच्या बाजूला त्या टाकू दिल्या नाहीत. पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटे, थर्मामीटर आणि पट्टीचे सामान परत ठेवले आहे. यापुढे तुला काही ठेवायचेच असेल तर एक जाड पुठ्ठा ठेव, त्यावर अण्णांच्या रोजच्या गोळ्या, वॉरफरिनची मात्रा, मागील आयएनआर आणि माझा नंबर मोठ्या अक्षरांत लिही. कोणत्या औषधाने कधी अंगावर पुरळ आले होते का, हेही लिही. तुझ्या आईला पेनिसिलिनने ओठ सुजून धाप लागली होती हे वाडीत आता मला आणि तुला एवढेच आठवते. अण्णांना असे काही झाल्याचे मला आठवत नाही, तरी त्यांना एकदा नीट विचार.

सईला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला हे माईंकडून कळले, तिला माझे आशीर्वाद. नव्या जागेत पाण्याचा त्रास मिटला का? भावोजींचा हात प्लास्टरमधून निघाला असेल.

अण्णांना फोन दुपारी जेवणानंतर कर, सकाळी ते मळ्यात असतात आणि मळ्यात नाही असे सांगतात. डब्याविषयी त्यांना काही बोलू नकोस, ते तुझ्या बाजूने भांडतील. गणपतीला येशील तेव्हा मुंबईतल्या त्या झडपेच्या डॉक्टरांच्या कागदांच्या झेरॉक्स आण, इथल्या डॉक्टरांनी त्या मागितल्या आहेत, आणि पायांसाठी नऊ नंबरचे गमबूट आण, इथे त्यांच्या मापाचे मिळत नाहीत.

तुझी,
मंदा