मुजमहुड्याच्या गाळ्यावर आलेल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

नाव कुठेही घालायचं नाही, असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून नुसतं 'काका' लिहितोय. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत. तुम्ही त्या दिवशी जे केलंत ते नुसतं मशीन दुरुस्त करणं नव्हतं, आणि ते मला त्या वेळी तुमच्यासमोर नीट बोलता आलं नाही.

आपली गाठ पडली ती बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात. मी कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरची लाइन जोडणारा-तोडणारा विजेवरचा स्विच, मागत होतो. दुकानदार म्हणाला, "परत?" तुम्ही शेजारी उभे होता. "कोणत्या मशीनला लागतो एवढा?" असं विचारलंत. मी लेथ, म्हणजे लोखंडी बार फिरवून कापायचं मशीन, म्हटलं, आणि तिथेच काउंटरवर सगळी कर्मकहाणी सांगितली.

लेथ माझ्या वडिलांचा. विलायती, साडेचार फुटी बेडचा. एका बंद पडलेल्या गिरणीच्या लिलावात त्यांनी घेतला होता. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा आमच्या गाळ्यात मांडीपर्यंत पाणी होतं. रस्त्यांवर मगरी फिरत होत्या, त्यामुळे तीन दिवस तिकडे जाताच आलं नाही. पाणी उतरल्यावर बेडवर गाळाचा थर, आणि खालच्या पेट्यांमध्ये चिखल. बेड आणि हेडस्टॉक आम्ही स्वतः धुऊन, तेल लावून वाचवले. मोटर खोलून सुकवून आणली. महिन्याभराने मशीन फिरलं तेव्हा वडिलांच्या फोटोला हार घातला होता.

त्यानंतर मात्र मशीन मधेच बंद पडायला लागलं. कधी दिवसात एकदा, कधी दहादा. चौकोनी बार टर्न करायला घेतला, म्हणजे टूलवर ठक ठक कट बसायला लागला, की हमखास. पहिल्या मिस्त्रीने ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त लोड आला की मोटर बंद करणारा रिले, बदलला. दुसऱ्याने कॉन्टॅक्टर बदलला, मग मीच आणखी एक बदलला. तिसरा म्हणाला, मोटर गेली, रिवाइंडिंगचे 14,000 होतील. मी पैसे जमवत होतो.

तुम्ही दुकानात एकच प्रश्न विचारलात. "बंद पडल्यावर रिसेट दाबावा लागतो, की हिरवं बटण दाबलं की लगेच चालू होतं?" लगेच चालू होतं, म्हटलं. "मग ओव्हरलोड पडतच नाही. मोटरचा यात काही दोष दिसत नाही. उद्या सकाळी येतो."

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. रेल्वेच्या प्रतापनगर वर्कशॉपमध्ये सगळी नोकरी केलेला माणूस, पिशवीत काटा असलेला जुना मीटर, मेगर (वायरीचं इन्सुलेशन धड आहे का ते पाहणारा मीटर) आणि एक लाकडी मॅलेट, म्हणजे हातोडा. मला वाटलं, तुम्ही आधी पॅनेल उघडाल. तुम्ही विचारलंत, "मशीन चालवतं कोण?" मी आमच्याकडे कामाला असलेल्या पोराकडे बोट दाखवलं. तुम्ही त्याच्याजवळ स्टूल घेऊन बसलात आणि माझ्याशी जवळजवळ अर्धा तास बोललाच नाहीत. कोणत्या स्पीडला बंद पडतं, सॅडल कुठे असते, ब्रेकवर पाय असतो का, पावसात जास्त होतं का, सगळं त्याला विचारलंत. आणि शेवटी, "अजून काही जाणवतं?"

तो माझ्याकडे बघून गप्प बसला. मग म्हणाला, "पंप चालू केला की मशीन चावतं." म्हणजे कटवर कूलंट, थंड ठेवणारं पाणी, सोडणारा पंप चालू असला की मशीनला हात लावल्यावर झटका बसतो.

काका, ते त्याने मला त्याआधी दोनदा सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, हवेत ओल आहे, रबरी चपला घालत जा.

बाकीचं काम ज्यांना जुन्या मशीनशी झगडावं लागतं त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो, कारण ते पाहणं हेच माझं शिक्षण होतं. आधी मेन स्विच बंद करून तुम्ही तिन्ही फ्यूज काढलेत आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात ठेवलेत. मीटर आधी शेजारच्या चालू बोर्डावर लावून पाहिलात, मग आमच्या पॅनेलवर, मग पुन्हा चालू बोर्डावर. "मध्ये शून्य दाखवलं ते लाइन बंद आहे म्हणून, की मीटर मेला म्हणून, हे कळायला हवं ना." मोटरच्या तिन्ही वाइंडिंगचा रेझिस्टन्स सारखा आला, 500 व्होल्टच्या मेगरवर बॉडीशी 20 मेगओहम आला. "ही तब्येतीने ठणठणीत आहे, हिला कोणी हात लावायचा नाही." 14,000 रुपये तिथेच वाचले.

मग फ्यूज परत बसवून रिकामा चक, म्हणजे बार पकडून फिरवणारा जबडा, फिरवायला सांगितलात. टूल नाही, जॉब नाही, म्हणजे लोड नाही. आणि मॅलेटने हळूहळू ठोकत निघालात: पॅनेलचा दरवाजा, बटणांची पेटी, हेडस्टॉकखालचा पाया. पायातल्या ब्रेकच्या स्विचजवळ टकटक केलंत आणि मशीन बंद. पुन्हा सुरू, पुन्हा टकटक, पुन्हा बंद. तिन्ही मिस्त्री लोड म्हणत होते आणि कारण होतं हादरा! चौकोनी बारचा ठोका थेट त्या स्विचपर्यंत पोचत होता.

स्टॉप बटण, ब्रेकचा स्विच, ओव्हरलोडचा कॉन्टॅक्ट, हे सगळे कॉन्टॅक्टरच्या कॉइलला एका माळेत जोडलेले असतात, एक मणी सैल झाला तरी माळ तुटते, हे तुम्ही पोराला समजावलंत. मशीन चालू असताना डावा हात पाठीमागे धरून एकेका कॉन्टॅक्टच्या दोन टोकांना मीटर लावलात. धड कॉन्टॅक्टवर काटा हलायलाच नको. स्टॉप बटणावर हलला नाही, ओव्हरलोडवर हलला नाही, ब्रेकच्या स्विचवर 26 व्होल्ट. कंट्रोलला सगळे मिळून 110 असतात, त्यातले 26 तिथेच खाल्ले जात होते. ठोका बसला की कॉइलला उरलेलंही पुरत नव्हतं. स्विच खोलला तर आत पुराच्या चिखलाची पापडी आणि वर्षानुवर्षं झिरपलेल्या कूलंटचा चिकट थर, कॉन्टॅक्ट काळे पडलेले. वरून पुसलेल्या पेटीच्या आत पाहायचं आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

घाईत मी म्हटलं, स्विच शॉर्ट करून टाकू का, आजचा माल निघेल. तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "पोराची बाही चकमध्ये गेली आणि त्याने ब्रेकवर पाय दिला, तर मोटर बंद कोण करणार?" तो माल दुसऱ्या दिवशी गेला.

आणि मग तुम्ही पॅनेलच्या तळाशी वाकलात. हिरव्या वायरचं टोक, टेप गुंडाळलेलं, कशालाच न जोडलेलं. "हे कोणी काढलं?"

मला माहीत होतं. पुरानंतर पंप चालू केला की गाळ्याचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, पडायचा. एका मिस्त्रीने लेथची अर्थिंग काढली आणि पडणं थांबलं. मी खूश झालो होतो. त्याला शंभर रुपये जास्त दिले होते.

तुम्ही ओरडला नाहीत. पंपाला मेगर लावलात आणि मला फिरवायला दिलात. काटा शून्यावर, म्हणजे पंपाचं इन्सुलेशन पार गेलेलं. मग पंप चालू करून, गाळ्याच्या अर्थिंगची पट्टी आणि लेथची बॉडी यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प धरलात. दिवा मंद, तांबूस पेटला. मशीन रबरी पॅडवर उभं, त्यामुळे करंटला जमिनीत जायला वाट नव्हती. वाट मिळणार होती ती ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसातून. आरसीसीबी 300 मिलिअँपिअरचा होता. तो आगीपासून राखण करतो, माणसाला 30 चा लागतो, हे मला पन्नाशीत पहिल्यांदा कळलं. पोरगा एकोणीस वर्षांचा आहे. त्याच्या पायात चपला होत्या, एवढ्यावर तो वाचला होता.

तो दिवा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

नवा पंप येईपर्यंत जुन्याच्या वायरी काढून तुम्ही पिशवीत घातल्यात. अर्थिंगच्या जागेचा रंग खरवडून चकचकीत लोखंड काढलंत, वायरच्या टोकाला नवीन लग लावलात, बॉडी ते अर्थिंग 0.3 ओहम आल्याशिवाय उठला नाहीत. पैशांचं नाव काढलं तर रागावलात. सेव उसळ मात्र दोन प्लेट खाल्लीत, तिखट तर्री मागून, आणि पोराला डभोईच्या नॅरोगेजच्या इंजिनांच्या गोष्टी सांगितल्यात. तुम्ही गेल्यावर तो मला म्हणाला, "शेठ, काकांनी आधी मला विचारलं." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

त्याची माफी मी त्या रात्री मागितली. तुमचे आभार आज मानतोय.

नवा पंप बसला आहे, मेगरवर पाहून. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागला आहे. दर सोमवारी त्याचं टेस्टचं बटण पोरगाच दाबतो आणि पाटीवर तारीख लिहितो. ब्रेकच्या नव्या स्विचला रबरी गॅस्केट घातलं आहे. चौकोनी बारचं काम सलग चालू आहे, मशीन एकदाही बंद पडलेलं नाही.

आणि काका, तुमचं मॅलेट टेलस्टॉकजवळ राहिलं आहे. पोरगा ते कोणाला हात लावू देत नाही. मी दांडिया बाजारात घरी आणून देतो म्हटलं तर म्हणतो, नको, काका घ्यायला येतील. रविवारी याल का?

आपला,
मुजमहुड्याचा लेथवाला