वजन ‘नॉर्मल’ होतं, तरी मधुमेह झाला

महोदय,

परदेशी स्थायिक झालेलं कुणी सुट्टीत भेटायला आलं की त्याच्या पाठीमागे एक वाक्य हमखास बोललं जातं : ‘तिकडे गेली आणि सुटली.’ हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. माझ्या धाकट्या बहिणीने ते 22 वर्षं ऐकलं आहे.

ती गेली तेव्हा सडपातळ होती. तिथे दोन पाळ्यांची नोकरी, पायी जाता येईल असं जवळपास काही नाही, दमून घरी आल्यावर सगळ्यात स्वस्त आणि झटपट मिळतं ते तेलकट किंवा गोड. आणखी एक गोष्ट मला तिच्याशी बोलताना उमगली. देश सोडलेल्या माणसाला आठवण येते ती सणासुदीच्या जेवणाची, रोजच्या साध्या जेवणाची नाही. नव्या देशात तेल, साखर परवडते, म्हणून सणाचं ताट दर आठवड्याला होतं आणि रोजचं साधं जेवण मागे पडतं. अंगमेहनतीच्या दिवसांत जे पचायचं, ते आता अंगावर चढतं. याला आळस म्हणायचं का?

हे तिच्या एकटीचं नाही. अमेरिकेतल्या मोठ्या आरोग्य सर्वेक्षणावर आधारलेला एक अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. देशात येऊन वर्षही न झालेल्या स्थलांतरितांत लठ्ठपणा 8 टक्के होता, 15 वर्षं किंवा त्याहून जास्त राहिलेल्यांत 19 टक्के आणि तिथेच जन्मलेल्यांत 22 टक्के. वेगवेगळ्या देशांतून, वेगवेगळ्या स्वभावाची माणसं येतात. त्या सगळ्यांचा संयम 15 वर्षांत एकदम सुटतो, हे मला पटत नाही.

पण मी लिहायला बसले ते दुसऱ्याच कारणाने. बहिणीचं वजन 58 किलो, उंची 155 सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) 24 च्या किंचित वर. तिच्या डॉक्टरांनी तक्ता पाहिला, 25 च्या खाली आहे म्हणून ‘नॉर्मल’ म्हणाले आणि विषय संपला. पुढे तीन वर्षांनी मधुमेह निघाला, तोही दुसऱ्याच दुखण्यासाठी रक्त तपासलं म्हणून. मधल्या काळात तिची कंबर कुणीही मोजली नव्हती.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी आशियाई लोकांसाठी बीएमआयचे 23 (इथून धोका वाढतो) आणि 27.5 (इथून धोका जास्त) हे आकडे 2004 मध्येच सुचवले आहेत. अमेरिकन डायबिटीज असोसिएशन 2015 पासून आशियाई वंशाच्या लोकांची मधुमेह तपासणी 23 पासूनच करायला सांगते. कारण आपल्या शरीरात त्याच वजनाला चरबी जास्त असते, आणि तीही पोटाभोवती. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःची मोजमापं छायाचित्रासह ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. बीएमआय दोघांचाही 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! दक्षिण आशियाई बायकांनी 80 आणि पुरुषांनी 90 सेंटिमीटर कंबरेलाच सावध व्हावं असं सांगतात ते यामुळेच. त्याला लागते फक्त एक साधी टेप.

मुलांचं दुखणं वेगळं आहे. माझी भाची शाळेत घरचा डबा उघडायचीच नाही. मुलं वासावरून हसायची. ती उपाशी राहायची, नाहीतर इतर मुलं खातात तेच विकत घेऊन खायची. बहीण तिच्यावर ओरडायची, आणि मी फोनवरून बहिणीची बाजू घ्यायचे. नंतर 2011 मधल्या एका प्रयोगाबद्दल वाचलं. काही आशियाई-अमेरिकन तरुणांना, यात भाग घ्यायला अमेरिकन असावं लागतं, एवढंच ऐकवलं गेलं. मग त्यांनी अमेरिकन पदार्थ जास्त मागवले आणि सरासरी 182 कॅलरी जास्त खाल्ल्या. वाचून मी भाचीला फोन केला आणि माफी मागितली. त्या पोरीला जिभेचे चोचले पुरवायचे नव्हते, तिला त्या बाकावर जागा हवी होती.

ज्यांची माणसं बाहेर आहेत त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या भेटीत ‘किती सुटलीस’ असं म्हणू नका. कंबर मोजली का, साखर कधी तपासली, हे विचारा. आणि डॉक्टरांनी 25 चा तक्ता पुढे केला, तर आपल्या वंशासाठीचा आकडा कोणता, हे त्यांना स्पष्ट विचारायला सांगा.

भाची आता 19 वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिने स्वतःच डॉक्टरांना 23 चा आकडा सांगितला. त्यांनी खणातून टेप काढली.

आपली,
एक वाचक